फोल्डर आवरले आणि फाईल उघडेना? फेरफार राहिलाय!

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसीलसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. शपथपत्रं, भाडेकरार, पीकविम्याचे फॉर्म, लग्नसराईत पत्रिका. २०२३ च्या दिवाळीत दुकानाला रंग दिला आणि त्याच झटक्यात कॉम्प्युटरही आवरायला घेतला. डेस्कटॉपवर इतक्या फाईली साचल्या होत्या की मागचा देवीचा फोटो दिसत नव्हता. रात्री दीडपर्यंत बसून सगळं जिल्हावार, गाववार, वर्षवार लावलं आणि समाधानानं शटर ओढलं.

सकाळी पहिलंच गिऱ्हाईक आलं. "भाऊ, मागल्या साली तुम्हीच टाईप केलतं की ते शपथपत्र, त्याची एक प्रत काढून द्या." फाईल समोर दिसत होती. डबल क्लिक केलं, उघडेना. दुसरी बघितली, तीही नाही. मामा काउंटरवर कोपर टेकून विचारतायत, "कामून उघडंना ओ?" आणि मला घाम फुटलेला.

पुढचे चार दिवस मी जे जे करू नये ते सगळं केलं. इंटरनेटवरून एक फुकटचं 'रिपेअर' सॉफ्टवेअर उतरवलं. त्यानं फाईल दुरुस्त केली नाही, जाहिराती मात्र आणल्या. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एकानं तर हार्डडिस्क गेली म्हणून सांगितलं. हार्डडिस्कला काही झालेलं नव्हतं. ती आजही चालू आहे.

झालं काय होतं? आपल्याकडे जमीन विकली तरी फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव राहतं. तसंच हे. फाईल नव्या फोल्डरात गेली, पण तिच्याकडे बोट दाखवणारे जे जे आहेत, म्हणजे शॉर्टकट, वर्डमधली अलीकडच्या फाईलींची यादी, एक्सेलमधल्या लिंका, मेल मर्ज, त्या सगळ्यांच्या नोंदीत जुनाच पत्ता आहे. फाईल बहुतेक वेळा धडधाकट असते. फेरफार तेवढा राहिलेला असतो, आणि तो कुठं कुठं राहिलाय हे क्रमानं शोधायचं असतं.

हाताशी काय हवं

- वही आणि पेन. जुना पत्ता, नवा पत्ता लिहायला. हे कॉम्प्युटरमध्येच लिहू नका, ती फाईलही हरवते.
- मोबाईल. स्क्रीनवर आलेल्या सूचनेचा फोटो काढायला. "काहीतरी एरर आला" एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.
- रिकामा पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क.
- कॉम्प्युटरच्या अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड.
- चालू स्थितीतला यूपीएस किंवा इन्व्हर्टर. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही आणि याचा या कामाशी थेट संबंध आहे, तो पुढं येईल.

१. आधी हात आवरा, मग कंट्रोल-झेड

आवराआवर नुकतीच केली असेल आणि कॉम्प्युटर अजून बंद केला नसेल तर फोल्डरच्या खिडकीत रिकाम्या जागी एकदा क्लिक करा आणि कंट्रोल धरून झेड दाबा. फाईल हलवणं, नाव बदलणं हे विंडोज उलटं करून देतं. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचं. एकेक पायरी मागं जाता येतं. कॉम्प्युटर बंद-चालू केला की ही सोय गेली. मी नेमका रात्री बंद करून घरी गेलो होतो.

ते जमलं नाही तर थांबा. नवीन फोल्डर करू नका, राहिलेल्या फाईली हलवू नका, काही डिलीट करू नका, रिसायकल बिन रिकामं करू नका. गोंधळात केलेली दुसरी आवराआवर पहिलीपेक्षा महागात पडते.

२. जी उघडत नाही ती फाईलच आहे का, हे बघा

हा सगळ्यात मोठा सापळा. डेस्कटॉपवरच्या चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण दिसतो का? मग तो शॉर्टकट आहे. त्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, 'टार्गेट'च्या रकान्यात जुना पत्ता दिसेल. तो वहीत लिहून घ्या; फाईल आधी कुठं होती याचा तोच पुरावा. आकार एक-दोन केबी म्हणजे आत मजकूर काहीच नाही, नुसती पाटी.

आमच्याकडे एक शिक्षक निकालाच्या फाईली पेनड्राइव्हवर घेऊन आले. पेनड्राइव्हवर बारा शॉर्टकट निघाले, फाईल एकही नाही. सरांनी शाळेच्या डेस्कटॉपवरून पाट्या तेवढ्या उचलून आणल्या होत्या. घरमालक शाळेतच.

दुसरी फसवणूक ~$ या चिन्हांनी सुरू होणाऱ्या, पुसट दिसणाऱ्या फाईलींची. वर्ड किंवा एक्सेलची फाईल उघडी असताना तिच्या शेजारी अशी एक छोटी फाईल तयार होते आणि बंद केली की आपोआप जाते. मध्येच लाईट गेली की मागं राहते. ती उघडत नाही आणि उघडायची नसतेच. उलट तीच मागं राहिल्यामुळं खरी फाईल 'दुसऱ्या कुणीतरी उघडली आहे' असं सांगून अडते. वर्ड-एक्सेल पूर्ण बंद करून ही ~$ वाली तेवढी काढून टाका.

३. वर्डच्या आतून उघडू नका

वर्ड सुरू केल्यावर जी अलीकडच्या फाईलींची यादी येते, तीत जुने पत्ते असतात. तिथं क्लिक केलं की फाईल सापडत नाही, हलवली की नाव बदललं की डिलीट केली, असा प्रश्न इंग्रजीत येतो. माणूस 'डिलीट' हा शब्द वाचून गार होतो. ती यादी सोडा. फाईल जिथं नेली त्या फोल्डरात जाऊन तिथूनच डबल क्लिक करा. उघडली? मग तुमचा प्रश्न इथंच मिटला.

४. फाईल शोधा

कुठं नेली हेच आठवत नसेल तर 'धिस पीसी' उघडून उजवीकडच्या शोधाच्या चौकटीत नावातला एखादा खात्रीचा तुकडा टाका. अख्खं नाव टाकू नका. आपण 'शपथपत्र' एकदा मराठीत लिहितो, एकदा इंग्रजी अक्षरांत, एकदा नुसतं गिऱ्हाइकाचं आडनाव. नाव आठवत नसेल तर फोल्डरची मांडणी 'डेट मॉडिफाइड'नं लावा. फाईल हलवल्यानं ती तारीख बदलत नाही, त्यामुळं मागल्या वर्षीच्या जूनमधलं काम जूनमध्येच सापडतं.

विंडोजचा शोध मला फार संथ वाटतो. फक्त नावावरून शोधायचं असेल तर 'एव्हरीथिंग' नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो टाईप करता करताच उत्तर देतो. पण कॉम्प्युटर ऑफिसचा असेल तर साहेबांना विचारूनच टाका.

५. नावाची शेपटी तपासा

फाईलच्या नावामागं टिंब आणि पुढं प्रकार असतो: डॉक्सएक्स, एक्सएलएसएक्स, पीडीएफ. विंडोज ही शेपटी मुळात लपवून ठेवतं. फोल्डरच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. नावं बदलताना कुणी शेपटीच उडवली असेल तर चिन्ह कोऱ्या पांढऱ्या कागदाचं दिसतं आणि कशानं उघडू, असं विंडोज विचारतं. बरोबर शेपटी परत लिहिली की उघडते. शेपटी आठवत नसेल तर मूळ फाईलची प्रत काढा आणि प्रयोग प्रतीवर करा.

एक सांगतो, वर्डच्या फाईलीला पीडीएफची शेपटी लावली म्हणून ती पीडीएफ होत नाही. ऑनलाईन अर्जाला पीडीएफ मागतात म्हणून असं करून आणणारे दर आठवड्याला दोघं-तिघं तरी येतात.

६. पत्ता फार लांब झालाय का?

माझा अर्धा घोळ इथं होता. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली, निजामकाळातल्या कागदांचे स्कॅन घेऊन लोक रांगेत उभे. मी एक फोल्डर केलं, त्यात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची आठ, त्यात तालुका, त्यात गाव, त्यात 'खासरा पत्रक' (जमिनीची जुनी नोंद), त्यात घराणं, आणि फाईलच्या नावात पुन्हा हे सगळं. दिसायला देखणं.

विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाईलच्या शेपटीपर्यंतच्या सगळ्या पत्त्याला साधारण २६० अक्षरांची मर्यादा चालत आलेली आहे. एक्सेलला तर २१८ च चालतात. २०१६ नंतरच्या विंडोज १० मध्ये ही मर्यादा उठवायची सोय आली, पण सगळे प्रोग्राम ती मानत नाहीत.

आता मराठीची गंमत बघा. आपल्याला एक दिसणारं अक्षर कॉम्प्युटर एक मोजत नाही. 'क्षि' म्हणजे क, हलन्त, ष आणि वेलांटी, असे चार. 'औरंगाबाद' आठ जागा खातं. त्याच वर्षी जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून मी मोठ्या उत्साहानं फोल्डरचंही बदललं. 'छत्रपती संभाजीनगर' मधल्या जागेसकट सतरा खातं. (उस्मानाबादचं धाराशिव केलं तिथं मात्र तीन जागा वाचल्या, दहाच्या सात.) गावाच्या आणि घराण्याच्या नावांनी उरलीसुरली जागा भरली आणि सगळ्यात आतल्या फाईली उघडायच्या बंद झाल्या. त्यांचं नावही बदलता येईना, डिलीटही होईनात.

उपाय सोपा. आतल्या फाईलीला हात लावायचाच नाही, वरच्या फोल्डरांची नावं छोटी करायची. 'कुणबी नोंदी २०२३ स्कॅन केलेल्या' याचं नुसतं 'कुन' केलं आणि खालच्या फाईली उघडल्या. गावाचं नाव फोल्डरला दिलंय तर फाईलीला पुन्हा देऊ नका. झिप फाईल मोकळी करताना पत्ता लांब असल्याची तक्रार आली तर ती थेट डी ड्राइव्हवर, एखाद्या दोन अक्षरी फोल्डरात मोकळी करा.

७. एक्सेल आणि मेल मर्जचा फेरफार

फाईल उघडते, पण आकडे येत नाहीत किंवा सूचनांवर सूचना येतात, हा वेगळा आजार. इथं घाई केली तर खरं नुकसान होतं.

एका एक्सेलमधला आकडा दुसऱ्या एक्सेलमधून येत असेल आणि दुसरी फाईल हलली असेल, तर उघडताना लिंका अपडेट करू का, असं विचारलं जातं. 'डोन्ट अपडेट' म्हणा. शेवटचे आकडे जसेच्या तसे दिसतील. मग 'डेटा'मध्ये 'एडिट लिंक्स' उघडा (नव्या आवृत्तीत 'वर्कबुक लिंक्स'), लिंक निवडून 'चेंज सोर्स' करा आणि फाईल आता जिथं आहे ती जागा दाखवा. झाला फेरफार.

त्याच चौकटीत 'ब्रेक लिंक'ही असतं. सूचना कायमची जाते म्हणून लोक तेच दाबतात. त्यानं सूत्र जाऊन नुसता आकडा राहतो आणि ते उलटं करता येत नाही. पुढच्या महिन्यात हजेरी बदलेल, बेरीज मात्र जुनीच छापली जाईल आणि ते कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

मेल मर्ज, म्हणजे एकाच नोटिशीत शंभर जणांची नावं एक्सेलमधून ओढायची ती सोय. ग्रामपंचायतीचे ऑपरेटर, शाळेचे क्लार्क यांचा जीव यात अडकतो. फाईल उघडताना एक लांबलचक इंग्रजी प्रश्न येतो. 'नो' म्हणा, मजकूर उघडेल. मग 'मेलिंग्ज'मध्ये 'सिलेक्ट रेसिपियंट्स', त्यात आधीपासूनची यादी वापरा हा पर्याय, आणि नव्या जागेवरची एक्सेल दाखवा. कुठली शीट ते विचारेल, ती निवडा. एक्सेलमधल्या रकान्यांची नावं मात्र बदललेली नसावीत.

आता स्कॅनची नोंदवही. मी एक्सेलमध्ये गाव, नाव, वर्ष आणि शेवटच्या रकान्यात स्कॅनची हायपरलिंक अशी यादी ठेवली होती. फोल्डरची नावं बदलताच सगळ्या लिंका मेल्या. 'फाइंड-रिप्लेस'नं एका दमात पत्ते बदलू म्हटलं, तर समोर दिसणारी अक्षरं बदलली आणि लिंकच्या पोटातला पत्ता तसाच. 'हायपरलिंक'चं सूत्र लिहून केलेली लिंक असती तर बदलला असता. हातानं घातलेल्या लिंकेत नाही. शेवटी काय केलं? ज्या फोल्डरांची नावं बदलली होती त्यांना गुमान जुनी नावं दिली. पाच मिनिटांत नोंदवही चालू. फोल्डरावर अजून 'औरंगाबाद' लिहिलंय, गिऱ्हाइकाला द्यायच्या कागदावर नवं नाव. नोंदवही आणि स्कॅनचं फोल्डर एकाच मोठ्या फोल्डरात ठेवून ते मोठं फोल्डर अख्खं हलवलं, तर अशा लिंका बहुधा टिकतात.

कोरलमध्ये, म्हणजे पत्रिका मांडायच्या प्रोग्राममध्ये, फोटो आत न भरता बाहेरून जोडलेला असेल तर पत्रिकेत फोटोच्या जागी तसाच घोळ दिसतो. तिथंही फोटो जुन्या जागी ठेवून बघणं हाच जवळचा रस्ता.

टॅली वापरत असाल तर कंपनी निवडायच्या यादीत 'स्पेसिफाय पाथ' घेऊन डेटाची नवी जागा दाखवा. टॅलीच्या डेटात आकड्यांच्या नावाची फोल्डरं असतात. 'हे काय नुसतं आकडे' म्हणून त्यांना दुकानांची नावं देऊ नका.

८. ड्राइव्हचं अक्षर बदललं का?

बाहेरची हार्डडिस्क काल 'ई' होती, आज आधी पेनड्राइव्ह लावला म्हणून 'एफ' झाली. आतलं काही बदललं नाही, पण सगळे पत्ते 'ई'चे. दोन्ही काढा आणि आधी हार्डडिस्क लावा. नेहमीचंच असेल तर 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन तिला मागचं एखादं अक्षर, समजा 'टी', कायमचं देऊन टाका. सी ड्राइव्हच्या अक्षराला मात्र हात लावू नका.

९. ढगातल्या फाईली

फाईलीशेजारी निळसर ढगाचं चिन्ह दिसत असेल तर ती वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यात आहे, तुमच्या कॉम्प्युटरवर फक्त नाव आहे. नेट नसेल तर उघडणार नाही. नवा लॅपटॉप लावताना 'बॅकअप हवा का' याला हो म्हटलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स या दोन्ही फोल्डरांचे पत्ते बदलून वनड्राइव्हच्या आत जातात, आणि फुकट जागा फक्त ५ जीबी. लागणाऱ्या फोल्डरावर राइट क्लिक करून फाईली कायम याच कॉम्प्युटरवर ठेवायचा पर्याय निवडा आणि ढगाच्या जागी हिरवी खूण येईपर्यंत नेट चालू ठेवा.

१०. 'परवानगी नाही' असं आलं तर

जुन्या वापरकर्त्याच्या फोल्डरातून कट करून आणलेल्या फाईली कधी कधी जुन्याच मालकाच्या परवानग्या घेऊन येतात. एकाच ड्राइव्हवर हलवलं तर परवानग्या सोबत येतात, कॉपी केलं तर नव्या फोल्डरच्या लागतात. म्हणून अ‍ॅडमिन खात्यातून ती फाईल आधी कॉपी करून बघा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मालकी बदलायच्या भानगडीत स्वतः पडू नका.

११. उघडते, पण मराठी वाचता येत नाही

हे पत्त्याचं दुखणं नाही. श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर त्या फॉन्टशिवाय इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसतो. सेव्ह न करता बंद करा, फॉन्ट टाका, पुन्हा उघडा. आवरताना फॉन्टचं फोल्डर, 'विंडोज' किंवा 'प्रोग्राम फाईल्स' यातलं काही हलवलं असेल तर ते आधी जागेवर ठेवा. ती आपल्या आवराआवरीची फोल्डरं नव्हेतच.

१२. शून्य केबी

एकाच ड्राइव्हवर फाईल हलवली तर मजकूर जागचा हलत नाही, फक्त नोंद बदलते. म्हणून ते क्षणात होतं. सीवरून डीवर किंवा पेनड्राइव्हवर कट-पेस्ट केलं तर मात्र खरोखर एकेक फाईल तिकडं उतरवली जाते आणि उतरली की इकडची पुसली जाते. मध्येच लाईट गेली तर काही इकडं, काही तिकडं, आणि एखादी अर्धवट. नव्या जागी आकार शून्य केबी किंवा संशय येण्याइतका छोटा दिसला तर आधी जुन्या जागी बघा. पूर्ण उतरलेली नसेल तर मूळ बहुधा तिथंच असते.

तिथंही नसेल तर त्या ड्राइव्हवर नवीन काहीही लिहू नका, रिकव्हरीचा प्रोग्रामसुद्धा त्याच ड्राइव्हवर टाकू नका. रिसायकल बिन बघा. पेनड्राइव्हवरून पुसलेलं मात्र तिथं सहसा येत नाही. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स' आहे, पण ते आधीपासून चालू असेल तरच त्यात काही मिळतं. मेलच्या 'सेंट'मध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर शोधा. माझी दोन शपथपत्रं गिऱ्हाइकांच्या मोबाईलमध्ये निघाली.

१३. पुन्हा आवरायची हौस आली तर

कट करू नका, कॉपी करा. दोन्हीकडं प्रॉपर्टीज उघडून फाईलींची संख्या आणि आकार ताडा. नव्या जागेवरच्या आठ-दहा फाईली उघडून बघा, त्यात एक मेल मर्जची आणि एक लिंकवाली एक्सेल हवीच. जुन्या फोल्डराच्या नावापुढं 'जुने' लिहा आणि ते तसंच राहू द्या. आता काय अडतंय ते आठवड्याभरात कळतं. मी महिनाभर थांबतो, मग ते बाहेरच्या हार्डडिस्कवर टाकतो, आणि त्यानंतरच इथलं पुसतो. हे सगळं सकाळी, इन्व्हर्टर भरलेला असताना. रात्री दीड वाजता नाही.